ताईंच्या मुंग्या आणि माझा झोळ

मित्रांनो, मी एक जुनी केबल आहे. लोक मला सरसकट ‘ती काळी वायर’ म्हणत आले. पण वायर आणि केबल यांत फरक असतो. वायर भिंतीच्या आत सुखाने राहते. तिला ऊन माहीत नसते, पाऊस माहीत नसतो, अंगाला टोचणारा मासाही माहीत नसतो. माझी नेमणूक पहिल्यापासून पाण्यावरची. तळ्याकाठच्या एका घरातून निघून, तळ्यात तरंगणाऱ्या एका लाकडी धक्क्यापर्यंत वीज पोहोचवायची, हे माझे काम होते. ते मी किती चांगले केले आणि शेवटी माझ्या हातून काय घडता घडता राहिले, ते आज सांगते. माझ्या बढाया थोड्या सहन करा. आयुष्यात बोलायची संधी मला प्रथमच मिळते आहे.

माझा जन्म कारखान्यात झाला. जन्मल्याबरोबर मला पाण्याच्या हौदात बुडवले आणि अंगातून जबरदस्त दाबाची वीज सोडली. का, तर कुठे गळते का ते पाहायला! तुमच्यापैकी कुणाची एवढी कडक परीक्षा झाली असेल असे मला वाटत नाही. मी पास झाले. माझ्या अंगावर पांढऱ्या अक्षरांत आकडे छापले आणि मला एका लाकडी चाकावर गुंडाळून ठेवले.

माझ्या जाड वेष्टणाच्या आत तिघी राहत. तांबडी वीज घेऊन जायची. काळी ती परत आणायची. तिसरी हिरवी, ती काहीच करायची नाही. बाकीच्या दोघी तिला फार टोमणे मारत. “आम्ही राबराब राबायचं आणि हिने नुसतं लोळायचं!” हिरवी बिचारी गप्प राही.

तिची बाजू पहिल्यांदा घेतली ती वायरमनबाईंनी. मला त्या घरी बसवायला आल्या त्या ह्याच. कमरेला पक्कड, कानामागे पेन्सिल आणि आवाज असा की समोरच्या काठावरची बदके उडावीत. त्यांना ‘वायरवुमन’ म्हणावे असे एकदा मालकांनी सुचवले होते. “काहीही म्हणा, पण मधे मधे बोलू नका,” असे उत्तर मिळाले. तेव्हापासून त्या वायरमनबाईच राहिल्या.

मालकांनी माझे कापलेले टोक पाहून विचारले, “ही हिरवी कशाला? हिच्यात तर करंटच नाही म्हणता.”

“ही बसून आहे तेच चांगलं आहे,” वायरमनबाई म्हणाल्या. “हिच्यावर कामाची वेळ आली, म्हणजे घरात कुणाचं तरी चुकलेलं असतं.”

त्या दिवशी हिरवी माझ्या पोटात जराशी ताठ बसली.

आता माझी जागा नीट समजून घ्या. काठावर एक खांब होता आणि खांबावर पत्र्याची पेटी. पेटीत एक खटका होता. त्याचे काम एकच. जितकी वीज गेली तितकीच परत आली का, हे मोजत बसायचे. कणभर कमी भरली, म्हणजे ती वाटेत कुठेतरी गळते आहे असे समजून तो फटकन पडायचा आणि सगळे बंद करायचा. घरात त्याचे नाव ‘खडूस’ पडले होते. पेटीतून निघून मी एका उतरत्या फळीवरून धक्क्यावर जात असे. धक्का निळ्या पिंपांवर तरंगणारा. पाणी चढले की तो वर, पाणी उतरले की तो खाली. फळी आणि धक्का जिथे बिजागरीने जोडले होते, तिथे वायरमनबाईंनी मला मुद्दाम सैल सोडले. चांगला हात-दीड हात झोळ ठेवला.

“हा झोळ आहे म्हणून ही जिवंत राहील,” त्यांनी मालकांना बजावले. “धक्का हलतो, हिला हलायला जागा पाहिजे. ह्याला हात लावायचा नाही.”

“छे छे,” मालक म्हणाले.

मित्रांनो, आमचे मालक मनाने अगदी सरळ. पण त्यांचे पडद्यांचे दुकान होते. चाळीस वर्षे त्यांनी लोकांच्या खिडक्यांवर पडदे लावले, आणि चाळीस वर्षे कापडातला झोळ हा त्यांचा एकमेव शत्रू होता. दुसऱ्याच्या घरी लग्नाला गेले तरी तिथला पडदा सरळ करून येत. दुकान होते तोवर मी सुरक्षित होते. सकाळी ते निघून जात, मला बघायला त्यांना वेळच नसे. सहा वर्षे मी झोळात डुलत सुखाने काढली. धक्क्यावर एक दिवा, एक छोटा फ्रीज आणि चहाची किटली, एवढाच माझा संसार. लोक म्हणत, “काय छान उजेड पडलाय पाण्यावर!” कुणी माझे नाव घेत नसे; पण मी मनातल्या मनात “आभारी आहे” म्हणून टाकी.

मग मालकांनी दुकान पुतण्याच्या हाती सोपवले आणि ते घरी बसले.

पहिल्या आठवड्यात त्यांनी घरातले सगळे पडदे सरळ केले. दुसऱ्या आठवड्यात फोटो सरळ केले. तिसऱ्या आठवड्यात मालकीणबाई म्हणाल्या, “अहो, तुम्ही बाहेर जाऊन बसा बरं जरा.” ते बाहेर येऊन धक्क्यावर बसले आणि त्यांची नजर माझ्यावर पडली.

“हे काय लोंबतंय?” ते स्वतःशीच म्हणाले.

मी काय बोलणार? दहा मिनिटांत ते प्लास्टिकच्या पट्ट्या घेऊन आले आणि त्यांनी मला बिजागरीपाशी करकचून, सरळ रेषेत, पडद्याच्या दांडीसारखे बांधून टाकले. मागे सरकून, मान तिरकी करून पाहिले. “आता कसं!” म्हणाले. इतक्या प्रेमाने माझ्याकडे त्याआधी कुणी पाहिले नव्हते, हेही खरे सांगते. जरा लाजलेच मी.

उन्हाळा आला. तळ्याचे पाणी दोन हात उतरले, धक्का खाली गेला आणि मी ताणले गेले. लाट आली की बिजागरी किंचित उघडे, किंचित मिटे. आणि दर वेळी माझी कातडी तिच्या कडेवर घासे. दिवसातून हजार वेळा. आधी हिरवी तुटली. कसलाही आवाज न करता तुटली. तिच्यात वीज नसल्यामुळे कुणाला काही कळलेच नाही. मग तांबडीचे अंग उघडे पडू लागले.

खडूसला मात्र कळले. तो पडला.

मालकांनी तो वर केला. तो पुन्हा पडला. मालक किटली लावत, तो पडे. दिवा लावत, तो पडे. काहीच लावले नाही आणि नुसते पेटीसमोर हात जोडून उभे राहिले, तरी पडे. मालकीणबाईंनी वायरमनबाईंना फोन करायला सांगितले. पण मालक टाळाटाळ करू लागले. कारण उघड होते. त्या येतील, तो झोळ कुठे गेला म्हणून विचारतील, आणि समोरच्या काठावरची बदके उडतील.

एका सकाळी त्यांनी स्वतःच पेटी उघडली. तारेचा एक तुकडा घेतला आणि खडूसला वळसा घालून इकडचे टोक तिकडे जोडून दिले.

“डायरेक्ट करून टाकलं!” ते विजयी मुद्रेने घरात सांगत गेले. “उगाच वायरमन कशाला? एवढंसं काम.”

त्या दिवसापासून काहीही पडेनासे झाले. पेटीच्या दाराच्या आतले साधे बटण दाबले की सगळे चालू. मालक रोज सकाळी साडेसहाला येत, बटण दाबत, किटली लावत आणि खुर्चीत बसत. आणि माझ्या उघड्या जखमेतून वीज गुपचूप लोखंडी बिजागरीत, बिजागरीतून शिडीत आणि शिडीतून पाण्यात उतरत असे. मी ती थांबवू शकत नव्हते. मित्रांनो, एवढी लाज मला आयुष्यात कधी वाटली नाही. हौदातल्या परीक्षेत पहिली आलेली मी!

आता ताईंविषयी सांगते. ताई म्हणजे मालकांच्या थोरल्या बहीण. निवृत्त मुख्याध्यापिका, वय एकाहत्तर. त्या वरच्या खोलीत राहत आणि रोज सकाळी लाल टोपी घालून तळ्यात चाळीस मिनिटे पोहत. एकोणचाळीस नाही, एक्केचाळीस नाही. पोहताना त्यांचा चेहरा असा असे, की जणू तळ्याची तोंडी परीक्षा चालू आहे.

एके दिवशी त्या धक्क्याजवळ येताच थबकल्या. बोटे पाहिली. दुसऱ्या दिवशीही तेच. घरात गेल्यावर त्यांनी जाहीर केले, “माझ्या हाताला मुंग्या येताहेत.”

“वय झालं ताई,” मालक म्हणाले.

“तुझं झालं असेल. माझं व्हायचंय.”

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, मानेचे व्यायाम दिले. मालकीणबाईंनी उशी बदलली. मुंग्या येतच राहिल्या. पण ताई मुख्याध्यापिका होत्या; उत्तर नुसते छापील आहे म्हणून त्या मान्य करत नसत. त्यांनी एक वही घातली आणि रोजच्या मुंग्या लिहून काढल्या. पंधरा दिवसांनी त्यांनी भावाला समोर बसवले.

“हे बघ धाकट्या, मी सहाला पाण्यात उतरते. साडेसहापर्यंत मला काही होत नाही. साडेसहाला तू धक्क्यावर येतोस आणि माझ्या हाताला मुंग्या येतात.”

“म्हणजे?”

“म्हणजे मुंग्या तुझ्यामुळे येतात.”

मालकांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. “ताई, मी तुझा सख्खा भाऊ आहे!”

“म्हणून तर वाईट वाटतंय. पण वही खोटं बोलत नाही. मंगळवारी तुला सर्दी होती, तू आला नाहीस. मंगळवारी मुंग्या नाहीत. हे बघ, शून्य.”

“अहो, ह्यांच्या बोलण्याने माझंही डोकं बधिर होतं कधी कधी,” मालकीणबाईंनी स्वयंपाकघरातून दुजोरा दिला.

मालक दोन दिवस रुसून घरातच चहा पीत बसले. दोन्ही दिवस ताईंच्या वहीत शून्य. तिसऱ्या दिवशी बहिणीला खोटे पाडायचेच म्हणून ते मुद्दाम धक्क्यावर आले, नेहमीप्रमाणे बटण दाबले, अगदी तोंडावर हात ठेवून बसले. एक शब्द बोलले नाहीत.

“आल्या!” ताई पाण्यातून ओरडल्या. “आल्या मुंग्या!”

मालकांना रडू यायचेच बाकी होते. मी तिथेच, त्यांच्या पायापासून चार बोटांवर होते. माझ्याकडे वाकून एकदा पाहिले असते तर आतले तांबे चमकताना दिसले असते. पण माणसे एकमेकांवर चिडली की खाली बघत नाहीत, हे मी त्या घरात शिकले.

पुढच्याच आठवड्यात मालकांच्या मुलीच्या सासरची माणसे पहिल्यांदा घरी येणार होती. चौदा माणसे, त्यांत पाच मुले, सगळी पोहायला उत्सुक. धक्क्याच्या कठड्यावर दिव्यांची माळ हवी, असे मालकीणबाईंनी ठरवले. आणि दिव्यांची माळ म्हटल्यावर वायरमनबाईंना बोलावणे आलेच. “मी लावतो की,” मालक म्हणाले. पण त्या वेळी घरात त्यांचे कुणी ऐकत नव्हते.

पाहुणे यायच्या आदल्या सकाळी वायरमनबाई आल्या. ताई पाण्यात होत्या. मालक बटण दाबून, माळेचा गुंता हातात घेऊन धक्क्यावर उभे होते. पाणी त्या सकाळी आणखी चार बोटे उतरले होते. मला एक जोराचा ताण बसला आणि माझी उरलीसुरली कातडीही फाटली. तांबडी सरळ लोखंडाला टेकली.

ताई शिडीकडे येत होत्या. तीन हातांवर असताना त्यांचा उजवा हात आखडला. मग डावा. लाल टोपी एकदा पाण्याखाली गेली आणि वर आली.

“ताई!” मालक किंचाळले. “शिडी धर! शिडी धर ताई!”

इतरांनी तेच केले असते. पण ताईंनी पंधरा दिवस वही उगाच भरली नव्हती. धक्क्याजवळ आले की वाढते, लांब गेले की कमी होते, हे त्यांच्याच अक्षरात लिहिलेले होते. त्यांनी सगळा जोर पायांत आणला, पाठीवर वळल्या आणि पाय मारत मागे जाऊ लागल्या.

“अगं इकडे ये! तिकडे कुठे चाललीस?”

“नाही येणार!” ताईंचा आवाज तुटक येत होता. “शिडीत… काहीतरी आहे… गाढवा!”

मालकांनी माळ फेकली, चपला फेकल्या आणि उडी मारायला वाकले. मित्रांनो, त्यांना धड पोहताही येत नव्हते. पण त्या क्षणी ते त्यांना आठवत नव्हते.

“खबरदार पाण्यात उतराल तर!”

आवाज काठावरून आला. वायरमनबाईंनी पेटीचे दार उघडले होते आणि खडूसच्या बगलेतून जाणारी ती तार पाहिली होती. त्यांनी कुणाला काही विचारले नाही. एका हाताने मेन स्विच खाली ओढला. माझ्यातून जाणारी वीज बंद झाली, आणि आयुष्यात पहिल्यांदा, आपण रिकाम्या झालो याचा मला आनंद झाला.

समोरच्या काठावरची झाडून सगळी बदके उडाली होती.

ताई बऱ्याच लांबवर पाठीवर तरंगत होत्या. हळूहळू त्यांचे हात सुटे झाले. त्या शिडीकडे आल्याच नाहीत. वळसा घेऊन काठावरच्या वाळूतून चालत वर आल्या. मालकीणबाईंनी त्यांना टॉवेलमध्ये गुंडाळले. मालक तिथेच अनवाणी उभे होते.

वायरमनबाई बिजागरीपाशी गुडघ्यांवर बसल्या. पट्ट्या कापल्या. मला हातात घेऊन उलटे केले. तुटलेली हिरवी पाहिली, उघडी तांबडी पाहिली. मला वाटले, आता त्या ओरडणार. पण त्या ओरडल्या नाहीत, आणि तेच जास्त भीतीदायक होते.

“झोळ कुणी ओढला?” त्यांनी हळू विचारले.

“वाईट दिसत होता,” मालक म्हणाले.

“आणि खटका?”

“सारखा पडत होता.”

“काका, तो पडत नव्हता. तो ओरडत होता. त्याला तेवढंच येतं.” त्या उठल्या. “तळ्याच्या गोड्या पाण्यात माणूस असला ना, तर वीज पाणी सोडून माणसातून जाते. माणसाच्या अंगात मीठ असतं. तिला ती वाट सोपी पडते. आधी मुंग्या येतात, मग हातपाय हलत नाहीत, मग बुडतो. बाहेरचे म्हणतात, दम लागला असेल. आणि वाचवायला जो उडी मारतो, तोही जातो. आज दोघं गेला असतात.”

मग टॉवेलमधून ताईंचा आवाज आला.

“म्हणजे माझी वही बरोबर होती.”

“शंभर टक्के,” वायरमनबाई म्हणाल्या. “कारण तुमचे बंधूच होते. पण ताई, मुंग्या आल्या त्याच दिवशी पाण्यातून बाहेर यायचं असतं. वही घालायची नसते. असले प्रयोग करून तुम्ही बसून बोलताय हेच नवल आहे.”

ताईंना कुणी रागावल्याचे मी प्रथमच पाहिले. त्यांनी चक्क मान खाली घातली. मग भावाकडे वळून म्हणाल्या, “त्या डॉक्टरांच्या गोळ्या परत देऊन ये.” तेव्हा कुठे मालकांना रडू फुटले. ताईंनी टॉवेलचे एक टोक त्यांच्याकडे फेकले. “पूस. चौदा माणसं यायचीत.”

पाहुणे आले. धक्क्यावर कुणी जाऊ नये म्हणून वाटेवर दोरी बांधलेली होती. मुलीच्या सासऱ्यांनी विचारले तेव्हा मालक पटकन म्हणाले, “रंग दिलाय हो, ओला आहे.” ताईंनी त्यांच्याकडे चष्म्यावरून एकदा पाहिले, पण भाचीच्या माहेरची अब्रू म्हणून त्या गप्प राहिल्या. मुले दिवसभर वाळूत खेळली आणि जाताना रंग वाळला का म्हणून विचारून गेली.

माझ्या जागी दुसरी केबल आली. तिला दोन हात झोळ मिळाला. खडूस पुन्हा कामाला लागला. माझा घासलेला तुकडा कापून वायरमनबाईंनी आपल्या पिशवीत टाकला, आणि मला वाटले, संपले आपले.

पण संपले नव्हते. तळ्याकाठी असे आणखी बरेच धक्के होते. सुटीच्या दिवशी वायरमनबाई एकेका घरी जाऊन सांगू लागल्या, “एकदा वायरिंग बघू द्या.” बहुतेक जण म्हणत, “आमच्याकडे सगळं व्यवस्थित आहे.” एका रविवारी त्या निघाल्या, तर फाटकात मालक उभे. “मी येऊ का?” म्हणाले. “पिशवी धरतो.”

पहिल्या दोन घरी ते पिशवी धरून मुकाट्याने बाहेर उभे राहिले. तिसऱ्या घरी एक दाढीवाले गृहस्थ होते. त्यांच्या दोन मुली धक्क्याला लोंबकळत पाणी उडवत होत्या. “मीच केलीय सगळी जोडणी,” गृहस्थ अभिमानाने म्हणाले. “चार वर्षांत एक तक्रार नाही. बघायची काही गरज नाही.”

वायरमनबाईंनी मला पिशवीतून काढले आणि गृहस्थांच्या तळहातावर ठेवले. त्यांनी उघड्या तांब्यावरून अंगठा फिरवला. “अरे बाप रे. कुणी केलं हे? कुठला मूर्ख?”

वायरमनबाईंनी कधीच कुणाचे नाव सांगितले नव्हते.

मालक एक पायरी चढून वर आले. मी पाहत होते. पिशवीचे बंद त्यांनी मुठीत घट्ट धरले होते.

“मी,” ते म्हणाले. “माझ्या घरचं आहे. दिसायला बरं दिसावं म्हणून मी ते ओढून बांधलं. खटका पडायला लागला तर तोही बाजूला काढला. माझी बहीण रोज सांगत होती, हाताला मुंग्या येतात. मी म्हटलं, वय झालं.”

गृहस्थ मला हातात तसेच धरून धक्क्याकडे धावले. “बाहेर या! दोघी बाहेर या आधी! शिडीने नको, इकडून, काठाकडून!”

मुली कुरकुरत बाहेर आल्या. वायरमनबाईंनी कमरेची पक्कड काढली आणि पेटी उघडली.

मित्रांनो, एवढेच सांगायचे होते. आमच्यासारख्यांना बोलता येत नाही. आम्ही पडतो, तापतो, घासतो, चरचरतो. तीच आमची भाषा आहे. ती कानावर आली, तर आम्हाला गप्प बसवू नका. ज्याला आमचे काम कळते त्याला बोलवा. आणि घरातले कुणी म्हणाले, पाण्यात मला कसेतरी होते, तर त्याचे वय मोजू नका. आधी बटण बंद करा, त्याला काठाकडून बाहेर घ्या, आणि मग खाली वाकून आमच्याकडे नीट पाहा.